गेटवरचं रोम

तुम्ही भेग बुजवलीत. आधी फटीत लांबी भरली, तिच्यावर प्रायमर मारला, प्रायमरवर तो पिस्त्याच्या बर्फीसारखा हिरवट रंग फासला आणि हात धुऊन मोकळे झालात. कुणाला विचारलंत? अठ्ठावीस घरं त्या खांबांवर झोपतात, त्यातल्या एका घराला तरी विचारलंत? आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून फळाही पुसलात. तोही ओल्या फडक्याने, म्हणजे खडूची रेघसुद्धा मागे राहायला नको. कुणी सांगितलं होतं तुम्हाला फळा पुसायला? तो काय तुमच्या बैठकीच्या खोलीतला आरसा होता, तोंड दिसत नाही म्हणून पुसायला?

ही वाक्यं राजरत्न शनिवारी सकाळी सात वाजल्यापासून तोंडात धरून होता. थुंकता येत नव्हती आणि गिळता येत नव्हती. ‘तुम्ही’ म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचं नाव तो मनातही घेत नसे. नाव घेतलं की समोर माणूस उभा राहतो, त्याचं पोट, त्याची मधुमेहाची गोळी, नातीला शाळेच्या गाडीत बसवताना त्याने हलवलेला हात, आणि मग राग पातळ होतो. राजरत्नला राग घट्ट हवा होता. तो मानपाड्यापलीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. तिसरी पाळी करून घरी येताना पार्किंगमधल्या तिसऱ्या खांबावर तळहात ठेवायची त्याला गेल्या वर्षभराची सवय. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. आज हात ठेवला आणि तो घसरला. खांब गुळगुळीत होता, थंड होता, नव्या रंगाचा वास मारत होता. कारखान्यात सत्तावीस वर्षं लोखंडाला हात लावणाऱ्याला एवढं कळतं की जी गोष्ट काल खरखरीत होती आणि आज गुळगुळीत आहे ती बरी झालेली नसते, तिला झाकलेलं असतं. तो वळला तर गेटवरचा फळा काळाभोर, ओला. मधोमध चार टाचण्यांनी ठोकलेला टाइप केलेला कागद: रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा. विषय एकच, सभासद क्रमांक एकोणीस यांनी संस्थेची बदनामी केल्याबद्दल त्यांचे सभासदत्व रद्द करण्याची शिफारस करणे. सभासद क्रमांक एकोणीस म्हणजे तिसरा मजला, डावीकडचं घर, राजरत्न जगन, त्याची बायको अमृता आणि त्याची आई मीराबाई.

तो जिना चढला तेव्हा अमृता डबा भरत होती. ती कल्याणला एका पॅथॉलॉजीत रक्त घेण्याचं काम करते. सुया टोचून टोचून तिच्या बोलण्यालाही टोक आलेलं. “वाचलं मी,” ती म्हणाली. “अहो, तुम्हाला किती वेळा सांगितलेलं, त्या रोमवाल्यांना त्यांच्या गावात राहू द्या. त्यांनी आता आपल्याला घराबाहेर काढलं ना?” आतून आईने विचारलं, “कोन काय काढतंय रे?” अमृता म्हणाली, “काही नाही आई, रोमची भांडी काढतोय.” मग दारात चपला घालताना, त्याच्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, “उद्या सभेत ओरडू नका. तुम्ही ओरडलात की तुमचं बरोबर असलेलंही चूक होतं.” आणि गेली. तो खाटेवर आडवा झाला, पण पाळी करून आलेल्या माणसाची जी झोप दगडासारखी अंगावर पडते ती आली नाही. डोळे मिटले की तळहाताखाली तो गुळगुळीतपणा येत होता.

हे रोम गेटवर आलं ते लॉकडाऊनमध्ये. तेव्हा कारखाना बंद, माणसं बाल्कनीत, फळ्यावर रोज फक्त कुठल्या विंगमध्ये किती पॉझिटिव्ह. एका सकाळी राजरत्न दूध घ्यायला खाली उतरलेला, खडू पडलेला होता, त्याने आकड्याखाली लिहिलं: ‘रोममध्येही साथ आली होती. पंधरा वर्षं राहिली. मग गेली.’ बस एवढंच. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत चार माणसं त्यावर बोलत होती, तोंडावर मास्क, हातभर अंतर, आणि गोष्ट रोमची. मग त्याने रोज एक ओळ लिहायला घेतली. ज्वालामुखीच्या राखेत एका गावात पाव सापडला, जळून कोळसा झालेला, पण त्याचे आठ तुकडे अजून मोजता येतात. रोमचे परीट रस्त्याच्या कोपऱ्यावर मडकी ठेवत, लोकांनी त्यात लघवी करावी म्हणून. तिने कपडे स्वच्छ निघत. या ओळीवर आठवडाभर सोसायटी हसत होती आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी इस्त्रीवाल्याला उगीचच दोनदा विचारलं होतं, पाणी कुठलं वापरतोस रे म्हणून. अथेन्सच्या कोर्टात भाषणाला पाण्याचं घड्याळ लावत, मडक्यातलं पाणी संपलं की वकिलाने गप्प बसायचं. तर कुणीतरी खाली खडूने लिहिलं, ‘आपल्या वार्षिक सभेला टँकर मागवावा लागेल.’ माणसं वाचत होती. कुणी राजरत्नला गुरुजी म्हणायला लागलं, कुणी ज्युलियस. त्यालाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोला. बारावी नापास फिटर, त्याच्या चार शब्दांसाठी माणसं दुधाची पिशवी हातात लोंबकळत ठेवून थांबत होती.

त्याला हे वेड लागलं एकोणिसाव्या वर्षी, कल्याणला रद्दीच्या दुकानात. कव्हर नसलेलं, चित्रांचं, इंग्रजी पुस्तक. पोरांसाठीचं असावं. इंग्रजी येत नव्हतं म्हणून शब्दकोश घेतला, आणि एका चित्राखालच्या ओळीला एक रात्रपाळी असं करत दोन वर्षांत ते पुस्तक संपवलं. चित्रात वीट होती. रोमच्या विटेवर शिक्का असे, आणि कधी कधी त्या शिक्क्यात भट्टी चालवणाऱ्या गुलामाचं नाव असे. राजरत्न त्या चित्राशी थांबला तो आयुष्यभर थांबला. त्याचा बाप, जगन, टिटवाळ्याच्या वीटभट्टीवर चिखल तुडवायचा. त्या विटांवरही खाचेत अक्षरं असत, शेठच्या नावाची. पोरगं राजरत्न भट्टीवर बसून ती अक्षरं बोटाने गिरवायचं, अक्षरओळख तिथेच झाली त्याची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुलामाचं नाव विटेवर सापडतं आणि टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंत ज्याच्या विटांच्या इमारती उभ्या आहेत त्या माझ्या बापाचं नाव एका विटेवर नाही, हे त्याच्या डोक्यात त्या दिवशी जे रुतलं ते निघालं नाही. विहारातली पोरं त्याला विचारायची, “दादा, आपला इतिहास काय कमी पडला का, हे परक्यांचं कशाला?” तो म्हणायचा, “आपला वाचतो की. पण तिकडे माझं आडनाव कुणाला कळत नाही. तिकडे मी नुसता फिरतो.” पोरं हसायची. त्यांना वाटायचं दादा विनोद करतोय.

आणि फळ्यामुळेच त्र्यंबककाका भेटले. भेटले म्हणजे काय, ते पहिल्या मजल्यावर तीस वर्षं राहत होतेच. सोसायटीचे मानद चिटणीस, हायस्कुलातून निवृत्त झालेले, आणि अक्षर असं की लग्नाच्या पत्रिकेपासून मयताच्या सूचनेपर्यंत डोंबिवलीतली अर्धी गल्ली त्यांच्याकडून लिहून घ्यायची. त्यांनी कॉलेजात पुण्याला ग्रीस-रोमचा इतिहास रीतसर शिकलेला. राजरत्नला जे रद्दीत मिळालं ते त्यांना वर्गात मिळालं होतं. एका सकाळी साडेसहाला राजरत्न रोमच्या एका राजाबद्दल लिहीत होता, मागून आवाज आला, “अहो, तो राजा नव्हता. तो स्वतःला राजा म्हणवून घ्यायला घाबरायचा. सम्राट लिहा.” तेव्हापासून रोज. काका दुधाची पिशवी काठीला अडकवून उभे राहायचे आणि दोघं भांडायचे. काकांना संगमरवर दिसे, वक्ते दिसत, कायदा दिसे. राजरत्नला तो संगमरवर ओढणारे दिसत. “तुम्ही नेहमी मोरीच्या बाजूने रोममध्ये शिरता,” काका म्हणायचे. “मग काका, पुढच्या दाराला तुम्ही उभे असता ना,” राजरत्न म्हणायचा, आणि काका खोकला येईपर्यंत हसायचे. पाच-सहा वर्षांत काकांनी त्याला कधी ‘तू’ म्हटलं नाही. कधी कधी त्याला वाटे, हा मान आहे. कधी कधी वाटे, हे अंतर आहे. पण दोन वर्षांपूर्वी काकांना कंपवाताने धरलं, हात पेरूच्या फांदीसारखा हलायला लागला, तेव्हा बँकेचा फॉर्म असो, नातवाला, शौनकला, जर्मनीत पाठवायचं पत्र असो, सुहासिनीकाकू खालून हाक मारायच्या, “राजरत्न, वेळ आहे का रे? ह्यांचा हात हवाय.” ह्यांचा हात म्हणजे राजरत्न. हे त्याला कुठल्याही पदवीपेक्षा मोठं वाटायचं, आणि असं वाटतं याचा त्याला थोडा रागही यायचा.

भेग त्याला गेल्या डिसेंबरात दिसली. तिसऱ्या खांबावर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, तिरकी. केसासारखी. दुसऱ्या कुणी पाहिली असती तर रंग उडालाय म्हणाला असता. राजरत्नने कारखान्यातून फिलर गेज आणला, पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा, फटीत पातं सरकवायचं आणि जे घट्ट बसेल तेवढी फट. जानेवारीत चाळीसचं पातं गेलं, म्हणजे मिलीमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चाळीस. एप्रिलमध्ये पंचावन्न. पावसाळा संपता संपता पंच्याऐंशी. मशीनवर एवढी फट पडली असती तर त्याने मशीन बंद केलं असतं आणि सुपरवायझरच्या बापाचं ऐकलं नसतं. त्याने अध्यक्षांना अर्ज दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. उत्तर नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेला तर तिथल्या साहेबाने मोबाईलवरून डोळे न काढता सांगितलं, सोसायटीचं पत्र आणा. मग कळलं की दीड वर्षापूर्वी एक इंजिनियर इमारत तपासून गेला होता, त्याचा अहवाल यायचाय. तो काकांना विचारायला गेला. कमिटीतला एकच माणूस खोटं बोलणार नाही, हे त्याला पक्कं होतं. “काका, अहवाल आला का?” “अजून आलेला नाही हो.” महिन्याने पुन्हा. “नाही आला. आला की तुम्हालाच आधी सांगेन.” दिवाळीनंतर तिसऱ्यांदा. तेव्हा काका चष्मा पुसत होते, हात हलत होता म्हणून चष्माही हलत होता. “नाही,” ते म्हणाले.

मग त्याने फळ्यावर रोमच्या चाळी काढल्या. आपल्या इमारतीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्याची ती जिद्दच होती, की मी फक्त रोमबद्दल लिहीन, बघू कुणाला बोचतं. अकरा दिवस. रोममध्ये पाच-पाच सहा-सहा मजली चाळी होत्या. खाली पैसेवाले, वर गरीब. जितका गरीब तितका आभाळाजवळ. पाणी खालून भरावं लागे. सम्राटाने उंचीवर मर्यादा घातली, बांधणाऱ्यांनी ती पाळली नाही. भिंती बारीक, लाकूड हलकं. त्या पडत. इतक्या पडत की पडण्याचा आवाज तिथे नवा नव्हता. एक गडगंज सरदार होता, कुठे घर पेटलं की तो तिथे जाई आणि जळतं घर स्वस्तात मागे. सहाव्या दिवशी अध्यक्ष फळ्यासमोर थांबले. नवव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचं घर बघायला आलेलं गिऱ्हाईक फळा वाचून वर न जाताच परत गेलं. अकराव्या दिवशी त्याने लिहिलं: ‘घरमालक रोममध्ये राहत नसत. चाळ पडायची तेव्हा ते समुद्रकिनाऱ्यावर असत.’ त्या प्रत्येक सकाळी काका काठी टेकून उभे होते. त्यांनी एका नावातला उच्चार दुरुस्त केला. सम्राटाने घातलेली मर्यादा किती फूट ते सांगितलं. एकदा म्हणाले, “पडझडीबद्दल फार लिहिता हो हल्ली.” राजरत्न म्हणाला, “पडत होत्या तर काय लिहू? डोलत होत्या?” काका हसले नाहीत. तेव्हा त्याला ते हसले नाहीत हे जाणवलंही नव्हतं. आता, खाटेवर, डोळे मिटून, जाणवत होतं.

मध्येच आईने हाक मारली. मीराबाईंना गुडघ्यांनी धरलंय. बेचाळीस पायऱ्या उतरायला त्यांना सहा मिनिटं लागतात. राजरत्नने ती मिनिटं घड्याळ लावून मोजली होती, डॉक्टरकडे नेतोय असं सांगून. सहा मिनिटं. फळ्यावर लिहिण्यासाठी त्याने ज्या ज्या पडझडीबद्दल वाचलं होतं, त्यातल्या एकीनेही कुणाला सहा मिनिटं दिली नव्हती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, अमृतालाही नाही. आई कपडे धुऊन वाळत घालायला बाल्कनीत गेली की तो आतून बघत बसायचा, जणू तिच्या वजनानेच काही होणार आहे. “त्या तुझ्या रोमवाल्यांना पानी वर चढवावं लागायचं का रे?” आईने एकदा विचारलेलं. हो म्हटल्यावर म्हणाली, “मंग त्यांच्या बायका लवकर म्हाताऱ्या झाल्या असतील.” त्याने हे दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, आईचं नाव घालून. आईला वाचता येत नाही. पण दूधवाल्याने तिला वाचून दाखवलं तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, लाजेने.

दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. काठीने वाजवलेलं होतं. त्र्यंबककाका, धापा टाकत, दोन मजले चढून आलेले, खांद्याला कापडी पिशवी. आत येऊन खुर्चीवर बसले. मीराबाई म्हणाल्या, “या भाऊ. एवढं चढलात? खालून पोराला हाक नाही का मारायची?” “आज मलाच यायला हवं होतं, मीराबाई,” काका म्हणाले. “चहा टाकते,” म्हणून आई भिंत धरत आत गेली. काकांनी पिशवीतून काळ्या कापडी पुठ्ठ्याची जाड वही काढली. सोसायटीच्या सभांच्या इतिवृत्ताची. टेबलावर ठेवली, तिच्यावर हात ठेवला, आणि हाताखाली वही हलायला लागली.

“राजरत्न, एक काम होतं. सांगायला लाज वाटते.”

“बोला की.”

“उद्याचा ठराव. मसुदा आधी वहीत उतरवून ठेवायचा आणि सभेत वाचायचा, अशी आपली पद्धत. अध्यक्ष म्हणाले, टाइप करून चिकटवू. मी म्हटलं, नाही, हातानेच हवा. तीस वर्षं हातानेच झालंय.” ते थांबले. “माझा हात तुम्ही बघताच आहात.”

राजरत्नला आधी नीट कळलं नाही. मग कळलं आणि त्याला हसू फुटलं, असलं हसू की छातीत दुखलं. “म्हणजे मला काढायचा ठराव मी लिहायचा?”

“दुसऱ्या कुणाला सांगू? सोसायटीत सुवाच्य अक्षर कुणाचं उरलंय आता?”

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. कारण दोघांनाही तीच गोष्ट आठवली होती आणि दोघांपैकी कुणीही ती बोलणार नव्हता. अथेन्समध्ये नको असलेल्या माणसाला गावाबाहेर काढण्यासाठी मत घेत. प्रत्येकाने मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरायचं. एका खेडुताला लिहिता येत नव्हतं. त्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाला खापरी दिली आणि म्हणाला, यावर अरिस्टायडीस असं लिहून दे. तो शेजारचा माणूसच अरिस्टायडीस होता. त्याने विचारलं, त्याने तुझं काय वाईट केलं? खेडूत म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण जिथे तिथे त्याला न्यायी न्यायी म्हणतात ते ऐकून कंटाळा आला. अरिस्टायडीसने मुकाट्याने आपलं नाव लिहून दिलं आणि दहा वर्षांसाठी गाव सोडून गेला. काकांना ही गोष्ट फार प्रिय होती. त्या माणसाच्या मोठेपणाबद्दल बोलताना त्यांचा आवाज जड व्हायचा. राजरत्नला ती कधीच आवडली नव्हती. त्याला वाटायचं, लिहून दिलंस ते ठीक, पण तुला जायला दुसरं गाव होतं रे बाबा. आणि मागे राहिलेल्या त्या शहराचं काय झालं, ते कोण बघणार होतं?

“आणा,” तो म्हणाला. पेन त्याच्या खिशातच होतं.

त्याने वही ओढली. शेवटचं कोरं पान काढायला म्हणून अंगठ्याने पानं सोडली, आणि वही मधेच उघडली. जी वही एकाच पानावर पुन्हा पुन्हा उघडली जाते ती मग आपणहून तिथेच उघडते. कारखान्यातली टॉलरन्सची, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची वहीही अशीच उघडायची. पान एकसष्ट. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली तारीख. अक्षर काकांचं, हात हलायला लागल्यानंतरचं, ओळी चढत गेलेल्या. त्याने ते दोनदा वाचलं. ‘संरचना तपासणीचा अहवाल प्राप्त झाला. चिटणीसांनी तो समितीपुढे पूर्ण वाचून दाखवला. खांब क्रमांक तीन व सात यांबाबत तातडीने टेकू देण्याची शिफारस आहे. सभासदांत घबराट पसरू नये व घरांच्या व्यवहारांना बाधा येऊ नये म्हणून सदर अहवाल तूर्त दप्तरी ठेवावा, असे एकमताने ठरले.’ खाली सह्या. पहिली अध्यक्षांची. दुसरी काकांची, कापऱ्या रेघेची.

तीन आणि सात. सात त्याला माहीतच नव्हता. सात त्याच्या आईच्या खोलीच्या सरळ खाली.

त्याला राग आला नाही. हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. सकाळपासून जो राग त्याने अध्यक्षांसाठी घट्ट दाबून धरला होता तो कुठे गेला ते कळेना. त्या जागी नुसती पोकळी, खांब काढून घेतल्यावर राहावी तशी. त्याला सकाळचे साडेसहा दिसत होते. दुधाची पिशवी काठीला. रोमच्या चाळी पडत होत्या आणि हा माणूस शेजारी उभा राहून उच्चार दुरुस्त करत होता. किती फूट ते सांगत होता. अकरा दिवस. अकरा दिवस याला माहीत होतं. त्याच्याआधीचे पाचशे दिवसही माहीत होतं. स्वतःची बायको पहिल्या मजल्यावर झोपत होती, डोक्यावर तीन मजले घेऊन, आणि हा माणूस अरिस्टायडीसच्या मोठेपणावर बोलत होता. मग त्याच्या मनात दुसरंच काही आलं आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. ठराव कोऱ्या कागदावरही लिहिता आला असता. काका वहीच घेऊन आले, दोन मजले चढून. याच पानावर ही वही इतक्या वेळा कुणी उघडली? का उघडली? हे पान दाखवायला आणलं, की या माणसाला खरंच आठवलं नाही यात काय आहे? स्वतः बोलायची हिंमत नाही म्हणून वही बोलेल, अशी सोय केली? म्हणजे पुन्हा लिहायचं मी आणि ओरडायचंही मी? त्याला अमृताचं वाक्य ऐकू आलं. उद्या सभेत त्याने हे पान फडकवलं तर काय होईल ते त्याला दिसलं: वही हिसकावून घेतली, बघा, चोरली, बदनामी, हे असलेच लोक. पुढचा शब्द कुणी बोलणार नाही, सगळे विचार करतील. तो वाचेल तर ती एकोणीस नंबरची कुरकुर. काका वाचतील तर तो अहवाल. शब्द तेच, अक्षर तेच, फक्त तोंड कुणाचं. टिटवाळ्याच्या विटेवर शेठचं नाव का असतं ते त्याला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात बसून, पुन्हा एकदा शिकावं लागत होतं.

काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी विचारलं, “लिहिताय ना?”

“नाही.”

“वेळ कमी आहे हो. अध्यक्ष सहाला वही मागायला येतील.”

“पान उघडलंय, काका. एकसष्ट.”

काकांनी मान वळवली नाही. म्हणाले नाहीत, कुठलं पान. म्हणाले नाहीत, दाखवा बघू. हात हलत राहिला, आता टेबलावर, टकटक, टकटक. मग कोरड्या आवाजात म्हणाले, “सुहासिनीला यातलं काही माहीत नाही. शौनकच्या शिक्षणाला आमचं घर तारण आहे. इमारत धोकादायक ठरली असती तर... तुम्ही समजून घ्या. मला वाटलं, टेकू देतील. गाजावाजा न करता देतील. अध्यक्षांनी शब्द दिला होता.”

“त्यांनी रंग दिला.”

“हो. मी आज सकाळी पाहिलं.”

“म्हणून वही आणलीत?”

आतून आई म्हणाली, “साखर किती घालू भाऊंना? डाक्टरनं बंद केली का?”

राजरत्नने पेनाचं टोपण लावलं. वही फिरवली, एकसष्ट नंबरचं पान काकांच्या बाजूला केलं आणि ते थरथरणाऱ्या हाताखाली सरकवलं. हात हलला तसं पान वाजायला लागलं. त्याने स्वतःचा तळहात त्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. थरथर त्याच्या कोपरापर्यंत चढली. एवढ्या वर्षांत त्याने काकांच्या हातून किती कागद घेतले, पण त्या हाताला हात कधी लावला नव्हता.

“ठराव मी लिहून देतो,” तो म्हणाला. “माझं नाव, माझा नंबर, जे म्हणाल ते, शुद्धलेखनासकट. मला काढा. पण आधी हे वाचायचं. उद्या दहा वाजता, सगळ्यांच्या समोर, उभं राहून, तुमच्या तोंडाने. माझ्या नाही. माझी आई सहा मिनिटांत खाली उतरते, काका, मी मोजलंय. तुमच्या घरचंही कुणीतरी किती मिनिटांत उतरतं ते तुम्हाला माहीत असेल.”

“राजरत्न, माझा आवाज...”

“आवाज कापला तर कापू दे. मी शेजारी उभा राहतो, वही मी धरतो. आता मला ग्रीस नको, रोम नको, तो मोठा माणूस तर नकोच. माझ्याकडे बघा. बघा ना इकडे. उद्या हे पान वाचणार की नाही? हो म्हणा, नाही म्हणा, पण अध्यक्ष वही मागायला यायच्या आत म्हणा. वाचणार?”